दुकान बंद व्हायच्या कितीतरी आधी

मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ ट्रॉयला बिग बीव्हर रोडवर, सॉमरसेट मॉलच्या समोर, केमार्ट या स्वस्त दुकानांच्या साखळीचं जुनं हेड ऑफिस होतं. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींनी ते नक्की पाहिलं असणार, एकाला एक जोडलेले ठोकळे असावेत तशी ती अवाढव्य इमारत. २००५ मध्ये केमार्ट आणि सिअर्स ही दुसरी जुनी साखळी एक झाले, ऑफिस इलिनॉयला गेलं आणि ही इमारत वर्षानुवर्षं रिकामी उभी राहिली, शेवटी २०२३ च्या अखेरीस पाडायला घेतली. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला आणि खाली लगेच "बरं झालं एकदाचं, आता तिथे काहीतरी छान होईल" वगैरे सुरू झालं. होईलही, ट्रॉयमध्ये मोक्याची जागा वाया जाऊ देत नाहीत. पण माझ्या डोक्यात ज्या भागांतलं मोठं स्वस्त दुकान बंद होतं आणि जागा तशीच पडून राहते ते भाग यायला लागले, आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

लग्नानंतर आम्ही इकडे आलो तेव्हा डेट्रॉइटला लागून असलेल्या एका जुन्या सबर्बमध्ये अपार्टमेंट घेतलं होतं, कारण भाडं कमी. गाडी एकच, ती नवरा कामाला घेऊन जायचा, मला वर्क परमिट नव्हतं आणि चालत जाता येईल असं एकच ठिकाण होतं ते म्हणजे एक मोठं डिस्काउंट स्टोअर. नाव लिहीत नाही, कारण तिथे काम केलेल्या बायका अजून त्याच भागात राहतात आणि त्यांच्याबद्दल मला फक्त प्रेम आहे. माझा पहिला थंडीचा कोट तिथला, पहिला कुकरएवढा मोठा पातेला तिथला, पडदे तिथले, लेकाचे पहिले स्नो बूट तिथले. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, गाडीच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या, त्या रोज दुपारी तिथे जायच्या, कधी काही घ्यायच्या कधी नुसत्याच सगळ्या आयल फिरून यायच्या, कारण जानेवारीत चालायला दुसरी उबदार जागाच नव्हती. फार्मसी आत, चष्मे आत, फोटो धुवून मिळायचे आत, वसंतात बाहेर रोपं लागायची. आपण ज्याला "बाजार" म्हणतो तो सगळा एका छपराखाली, आणि कोणी तुम्हाला "तुम्ही घेणार आहात का नुसतं बघताय" असं विचारायचं नाही. कमी पैसेवाल्या माणसाला ही गोष्ट फार मोठी असते, मला होती.

या दुकानांचा इतिहास बघितला की कळतं की हा सगळा प्रकारच मुळात एक वस्ती सोडून दुसरीकडे जाण्यातून जन्माला आलाय. डेट्रॉइटची क्रेझ्गी कंपनी, १८९९ पासूनची, हिची छोटी छोटी पाच-दहा सेंटवाली दुकानं शहरांच्या मुख्य रस्त्यांवर होती. १९५० नंतर लोक गाड्या घेऊन हायवेनं सबर्बला जायला लागले आणि मुख्य रस्त्यांवरची गर्दी ओसरली. मग १ मार्च १९६२ ला याच कंपनीनं गार्डन सिटीत, म्हणजे आपल्या इथून थोडंसं पश्चिमेला, पहिलं केमार्ट उघडलं. त्याच वर्षी मे महिन्यात मिनेसोटात रोझव्हिलला पहिलं टार्गेट, जुलैत आर्कान्सामध्ये रॉजर्सला पहिलं वॉलमार्ट, आणि वूलवर्थ या जुन्या पाच-दहा सेंटवाल्या साखळीनं पण त्याच वर्षी वूल्को काढलं. एका वर्षात चार. एकमजली डबा, पुढे भलंमोठं पार्किंग, काउंटरवर विक्रेता नाही, ट्रॉली घ्या आणि दारापाशी पैसे भरा. नफा प्रत्येक वस्तूवर थोडा, पण माल भराभर खपला पाहिजे.

आता यात गोम अशी की केमार्टनं साठ आणि सत्तरच्या दशकात जिथे जिथे दुकानं टाकली ते त्या वेळचे नवे सबर्ब होते, कारखान्यात काम करणाऱ्या माणसांची नवी घरं, नव्या शाळा. ते सबर्ब नंतर म्हातारे झाले. कारखाने गेले, ज्यांना जमलं ते अजून पुढे गेले, घरांचे भाव पडले, आणि दुकान मात्र लांब मुदतीच्या लीजवर तिथेच राहिलं. वॉलमार्ट नंतर आलं ते अजून बाहेर, मोठ्या जागेत, ग्रोसरीसकट आलं. १९९० च्या सुमारास त्यानं विक्रीत केमार्टला मागे टाकलं. म्हणजे उतरती कळा लागलेल्या वस्तीत केमार्ट कोणी मुद्दाम टाकलं नव्हतं, त्याच्याभोवतीची वस्ती उतरत गेली.

पण काही कंपन्या मुद्दाम पण गेल्या होत्या शहरांच्या जुन्या भागांत, आणि त्यांची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. झेअर नावाची मॅसॅच्युसेट्सची साखळी होती, तिची बरीच दुकानं शहरांतल्या कष्टकरी आणि काळ्या वस्त्यांमध्ये होती जिथे बाकीचे जायला तयार नव्हते. १९८८ मध्ये झेअरनं आपली जवळपास चारशे डिस्काउंट दुकानं एम्स नावाच्या कंपनीला विकली. एम्स छोट्या गावांमधली, तिला हा व्यवहार झेपला नाही, १९९० मध्ये दिवाळखोरी, मग सावरली, मग २००२ मध्ये कायमची बंद. आणि झेअरच्या मूळ कंपनीनं स्वतःकडे काय ठेवलं तर टीजे मॅक्स! आज आपण सगळे जिथे शनिवारी पर्स आणि भांडी बघायला जातो ते. तीच कंपनी पुढे टीजेएक्स झाली आणि नंतर मार्शल्स पण घेतलं. टीजे मॅक्सला माझा विरोध नाही, मी पण जाते, पण झेअरच्या ज्या गिऱ्हाइकांच्या पैशांवर ते सुरू झालं त्यांच्या वस्तीतलं दुकान गेलं आणि नवं चांगल्या वस्तीत वाढलं हे माहीत असलेलं बरं. त्याच काळात ईशान्येकडचं जेम्सवे गेलं, कॅल्डॉर १९९९ मध्ये गेलं, ब्रॅडलीज २००१ मध्ये. वूलवर्थनं अमेरिकेतली आपली उरलेली जुनी दुकानं १९९७ मध्येच बंद केली होती.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. दुकान बंद होतं तेव्हा बातमी येते की "तोट्यात होतं", आणि वाचणाऱ्याला वाटतं की तिथल्या लोकांनी घेतलंच नाही काही, किंवा त्यांची ऐपतच नाही. पण मी आमचं दुकान बंद होताना आतून बघितलंय, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून, आणि ते एका दिवसात होत नाही. आधी छतातून गळायला लागतं आणि खाली बादली येते आणि ती बादली तिथेच राहते. मग कॅश काउंटर दहा असले तरी दोनच चालू, त्यामुळे लांब रांग, त्यामुळे ज्याला शक्य आहे तो गाडी काढून दुसरीकडे जातो. मग लहान मुलांचे मोजे एकाच साइझमध्ये. मग फार्मसी संध्याकाळी लवकर बंद. मग दाराशी गार्ड, मग डिटर्जंट आणि बेबी फॉर्म्युला काचेच्या कुलपात, बटण दाबून उभं राहायचं, किल्लीवाली बाई येईपर्यंत बाळ रडून रडून झोपतं. आणि यातली प्रत्येक गोष्ट विक्री कमी करते, आणि विक्री कमी झाली की वरच्या ऑफिसात अजून पैसे काढून घेतात, आणि शेवटी कागदावर सिद्ध होतं की हे दुकान चालत नाही. चालू कसं शकेल? माझं स्पष्ट मत आहे की अशा बहुतेक दुकानांना वस्तीनं सोडायच्या खूप आधी मालकांनी सोडलेलं असतं.

केमार्टचं तर हे सगळं जाहीर आहे. जानेवारी २००२ मध्ये दिवाळखोरी, तीत आधी २८४ आणि मग आणखी ३२६ दुकानं बंद. त्यातून कंपनी बाहेर काढली ती एडवर्ड लँपर्ट या गुंतवणूकदाराच्या फंडानं, आणि २००४ मध्येच काही दुकानांच्या जागा होम डेपोला आणि सिअर्सला विकून चांगला पैसा आला, तेव्हा सगळ्यांना कळलं की या कंपनीत जमीन सगळ्यात मौल्यवान आहे. मग सिअर्सशी विलीनीकरण. पुढची वर्षं दुकानांची डागडुजी प्रतिस्पर्ध्यांच्या मानानं अगदीच कमी, तर स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यावर अब्जावधी डॉलर गेले. २०१५ मध्ये केमार्ट आणि सिअर्सच्या २३५ जागा सेरिटेज नावाच्या वेगळ्या कंपनीला सुमारे २.७ अब्ज डॉलरला विकल्या, आणि मग त्यातली बहुतेक दुकानं आपल्याच जुन्या जागेत भाड्यानं राहायला लागली. विचार करा, आधीच दम लागलेल्या दुकानावर भाड्याचं ओझं. ऑक्टोबर २०१८ मध्ये परत दिवाळखोरी. गार्डन सिटीचं पहिलं केमार्ट २०१७ मध्येच बंद झालं होतं, आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं शेवटचं पूर्ण आकाराचं केमार्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, तेही न्यूयॉर्कजवळ ब्रिजहँप्टनसारख्या श्रीमंतांच्या गावात. एके काळी दोन हजारांच्या वर दुकानं होती यांची.

लेअवेबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, वस्तू निवडायची, थोडे पैसे भरायचे, दुकान ती मागे बाजूला ठेवतं, तुम्ही दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं भरता आणि पूर्ण झालं की घरी नेता. व्याज नाही, क्रेडिट कार्ड नाही, क्रेडिट स्कोअर कोणी विचारत नाही. केमार्टनं हे कितीतरी वर्षं टिकवलं होतं. २०११ च्या डिसेंबरमध्ये इथेच, मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सच्या केमार्टमधून बातमी आली की अनोळखी लोक येऊन दुसऱ्यांच्या मुलांच्या खेळण्यांचे उरलेले लेअवेचे पैसे भरून जातायत, नाव न सांगता, आणि मग देशभर तसं व्हायला लागलं. मला आजही ते वाचलं की भरून येतं. वॉलमार्टनं लेअवे २००६ मध्ये बंद केलं, २०११ मध्ये सणांपुरतं परत आणलं आणि २०२१ मध्ये पूर्णच काढून टाकलं, त्याजागी ॲपवर हप्ते. हप्त्यावर घेतलं तर वस्तू आधी येते आणि कर्ज मागे राहतं, हप्ता चुकला तर पुढचं सगळं निस्तरायचं. लेअवेत पैसे कमी पडले तर फार फार तर थोडी फी कापून बाकीचे परत मिळायचे. ज्याच्या घरात दर महिन्याला काहीतरी अचानक निघतं त्याला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

चोरीचं काय, असं कोणीतरी विचारणारच, तर हो, चोरी होते, मी डोळ्यांनी बघितलीये आणि काउंटरवरच्या मुलीला घाबरून थरथरताना पण बघितलंय, त्यात खोटं काही नाही. पण किती दुकानं फक्त चोरीमुळे गेली हे सांगताना जरा जपून. दुकानदारांच्या राष्ट्रीय संघटनेनं, नॅशनल रिटेल फेडरेशननं, २०२३ मध्ये म्हटलं होतं की मालाच्या साधारण ९४.५ अब्ज डॉलरच्या घटीपैकी जवळपास अर्धी संघटित टोळ्यांमुळे आहे, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो दावा मागे घ्यावा लागला. घटीत हिशोबाच्या चुका येतात, तुटलेला माल येतो, आतल्या माणसांनी नेलेलं पण येतं. तोपर्यंत मात्र कितीतरी वस्त्यांवर शिक्का बसून गेला होता.

शिकागोच्या दक्षिणेला चॅटम म्हणून भाग आहे. ही झोपडपट्टी वगैरे अजिबात नाही, काळ्या मध्यमवर्गीयांची जुनी, अभिमानानं सांभाळलेली वस्ती, विटांचे बंगले, पुढे हिरवळ. तिथलं टार्गेट फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद झालं, त्याचबरोबर जवळच्या मॉर्गन पार्कचंही. वॉलमार्टचं सुपरसेंटर होतं, २०२० च्या उन्हाळ्यात त्याची तोडफोड झाली, कंपनीनं परत उभं केलं, दवाखाना काढला, लोकांना वाटलं आता हे टिकणार. ११ एप्रिल २०२३ ला कंपनीनं जाहीर केलं की शिकागोतल्या आठपैकी चार दुकानं बंद, त्यात चॅटम पण, आणि त्याच आठवड्याच्या रविवारी दुकान बंद झालं. कारण दिलं की शिकागोतल्या दुकानांत वर्षाला कोट्यवधी डॉलरचा तोटा होतोय आणि पाच वर्षांत तो जवळपास दुप्पट झालाय. आकडा खरा असेल, मी तो नाकारत नाही. पण औषधं कुठून घ्यायची हे ठरवायला म्हाताऱ्या माणसाला पाच-सहा दिवस? फार्मसी थोडे दिवस उघडी ठेवली होती म्हणे, तरीसुद्धा.

आणि हे फक्त शहरांत होतंय असं समजू नका. वेस्ट व्हर्जिनियात मॅकडॉवेल काउंटी आहे, कोळशाच्या खाणींची. १९५० मध्ये तिथे जवळजवळ ९९ हजार लोक होते, २०२० च्या जनगणनेत १९ हजार आणि थोडे. तिथे किंबॉलला २००५ मध्ये वॉलमार्ट आलं आणि जानेवारी २०१६ मध्ये गेलं. ते आलं तेव्हा आधीच मोडकळीला आलेल्या छोट्या दुकानांचा उरलासुरला धंदा त्याच्याकडे गेला, आणि ते गेल्यावर ती छोटी दुकानं परत आली नाहीत, येणार कशी, म्हातारी झाली होती ती माणसं. नोकऱ्या गेल्या, काउंटीचा कर गेला, आणि तिथली फूड बँक ज्या दुकानाकडून विकला न गेलेला माल घ्यायची तोही बंद झाला. डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यानं पुढच्या मोठ्या दुकानापर्यंत जायचं तर अर्धा दिवस आणि पेट्रोल.

मोठं दुकान गेलं की तिथे येतं डॉलर स्टोअर, म्हणजे स्वस्त वस्तूंचं छोटं दुकान, असं आतापर्यंत होतं. त्यातली फॅमिली डॉलर ही साखळी घ्या, ती १९५९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला सुरू झाली आणि तिचं सगळं गणितच कमी पगाराच्या वस्तीत चालत येणाऱ्या माणसावर होतं. यात मला एक गोष्ट पटत नाही, छोटी पाकिटं. डिटर्जंटची छोटी बाटली स्वस्त वाटते पण औंसाचा भाव काढला तर मोठ्या पॅकवाल्या कॉस्टकोपेक्षा चांगलाच जास्त, म्हणजे ज्याच्याकडे आज पाचच डॉलर आहेत तो प्रत्येक औंसाला जास्त मोजतो. ताजी भाजी बहुतेक ठिकाणी नाही. पण ते होतं तरी. २०१५ मध्ये डॉलर ट्री या दुसऱ्या साखळीनं फॅमिली डॉलर आठ अब्ज डॉलरपेक्षा जास्त देऊन घेतलं, मार्च २०२४ मध्ये जवळपास हजार दुकानं बंद करायचं जाहीर केलं आणि २०२५ मध्ये उरलेलं साधारण एक अब्जात विकून टाकलं. नाइन्टी नाइन सेंट्स ओन्ली या तशाच साखळीची तर सगळीच्या सगळी ३७१ दुकानं बंद करायचं २०२४ च्या एप्रिलमध्ये ठरलं. म्हणजे मोठं दुकान गेल्यावर जे छोटं आलं होतं, तेही आता निघालंय.

मागे राहतो तो डबा आणि पार्किंग, त्याच्या भेगांतून गवत. आणि इथे एक गोष्ट आहे जी मला नंतर कळली आणि अजून राग येतो. काही कंपन्या जागा विकताना किंवा लीज सोडताना कागदात अट घालतात की पुढची इतकी वर्षं इथे दुसरं ग्रोसरी किंवा डिस्काउंट दुकान चालणार नाही, का, तर थोड्या अंतरावरच्या आपल्याच दुसऱ्या दुकानाला स्पर्धा नको. म्हणजे आपण पण चालवायचं नाही आणि दुसऱ्याला पण चालवू द्यायचं नाही. त्यात भर म्हणजे कराचं प्रकरण, कंपन्या कोर्टात म्हणतात की आमच्या चालू दुकानाची किंमत पण बंद पडलेल्या रिकाम्या दुकानाच्या भावानं धरा. मिशिगनमध्ये असे खटले भरपूर झाले, आणि गावांना गोळा केलेला कर परत द्यावा लागला, जो शाळा आणि फायर ब्रिगेडला जाणार होता.

या इमारतींचं चांगलं होऊ शकत नाही असं मात्र नाही. टेक्ससमध्ये मॅकॲलनला जुन्या वॉलमार्टची पब्लिक लायब्ररी केलीये, २०११ च्या अखेरीस उघडली, एका मजल्यावर सव्वा लाख स्क्वेअर फुटांच्या आसपास, आणि लोक गर्दी करतात. बऱ्याच केमार्टांची यू-हॉल या ट्रक भाड्यानं देणाऱ्या कंपनीनं सामान ठेवायची गोदामं केली, काही ठिकाणी चर्च आलं, शाळा आली. गोदामानं वस्तीला काही मिळत नाही, चार माणसं कामाला आणि दारं बंद. लायब्ररीसाठी गावाकडे पैसा लागतो, आणि ज्या गावाचं दुकान गेलं त्याच्याकडेच तो नसतो.

म्हणून मला वाटतं बोलायचं ते दुकान चालू असताना बोलायला पाहिजे. सामूहिक कपात असेल तर साठ दिवस आधी कळवायचा कायदा कामगारांसाठी आहे, १९८८ चा, पण वस्तीतल्या लोकांना थेट कळवायचं बंधन त्यात नाही, फार्मसी असलेल्या दुकानाला तरी ते असायला हवं. "इथे परत ग्रोसरी नको" अशा अटींवर काही शहरांनी बंदी घातलीये, तुमच्या गावात आहे का ते सिटी कौन्सिलला ईमेल करून विचारा, मी आमच्या इथे विचारलंय आणि पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घेतो असं उत्तर आलंय. मीटिंग सगळ्यांसाठी खुली असते, पब्लिक कमेंटला माणशी तीन मिनिटं देतात. आपले लोक ट्रॉय, नोव्हाय, कँटनमध्ये राहतात आणि आपल्याला हा प्रश्न नाही असं वाटतं, पण आपल्यातले कितीतरी जण पहिली काही वर्षं त्याच जुन्या सबर्बमध्ये राहिलेत, आणि आज नवीन येणारी मुलं-मुली आणि आपल्याकडून इथे येऊन राहणारे सासू-सासरे, ज्यांना गाडी चालवता येत नाही, तेही तिथेच राहतायत. मी जाणार आहे मीटिंगला. कोणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, गाडीत जागा आहे.